बहिणीची सही आणि सरपंचकीची बोली

आम्हांस कोणी जुन्या वळणाचे म्हटले तर आम्ही रागावत नाही. जे खरे आहे ते खरे आहे. दारी आलेल्यास भाकर विचारल्यावाचून वाटेला लावू नये, शेजाऱ्याचा बांध नांगराच्या फाळाने कोरू नये, पेरणीला ज्याचे औत अडले त्याच्या सावडीला बिनबोलावता जावे, म्हाताऱ्या आईबापांस परक्याच्या दारी ठेवू नये, आणि यात्रेला लेकीबाळी माहेरी याव्यात ही आमची चाल आहे. ती मोडू नये असे आम्हांस मनापासून वाटते. घर टिकावे, गाव टिकावा, थोरामोठ्यांचा शब्द राहावा, एवढ्यासाठी आम्ही नव्या पोरांची थट्टाही पुष्कळ सोसली आहे.

परंतु अलीकडे 'आपली संस्कृती', 'आपली रीत', 'आपल्या घराण्याची अब्रू' असा गजर करीत जी माणसे पुढे सरसावतात, त्यांच्याशी आमचे भांडण आहे. आणि हे भांडण आम्ही नव्याच्या बाजूने नव्हे, जुन्याच्याच बाजूने भांडणार आहोत. कारण ही माणसे जे जपण्यासारखे आहे ते बाजारात विकतात आणि ज्याची लाज वाटावी त्यावर 'संस्कृती' अशी पाटी लावतात. त्यांची दोन कृत्ये आम्ही आज वाचकांपुढे मांडतो. एक घरात घडते, दुसरे गावात घडते. दोन्ही करणारे हात पुष्कळदा एकच असतात.

पहिले घरातले पाहू.

बाप वारतो. दहावा होतो, तेरावा होतो. सासरहून आलेली लेक डोळे पुसून अजून निघालेली नसते, तोच थोरला भाऊ गोड आवाजात म्हणतो, "ताई, आणखी दोन दिवस राहा. तालुक्याला जरा काम आहे." दुसऱ्या दिवशी गाडी दारात येते. वहिनी नवे लुगडे आणते. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत कागद तयार असतो, साक्षीदार तयार असतात, वकीलही तयार असतो. तयार नसते ती फक्त बहीण. पण तिला कोणी विचारलेलेच नसते. जमीन किती एकर, विहीर कोणत्या गटात, रस्त्याला लागून तुकडा कोणता, त्याचा आज भाव काय, यांपैकी एक अक्षर तिच्या कानावर पडत नाही. "येथे सही कर, येथे अंगठा दे," एवढे ती ऐकते. हे झाले हक्कसोडपत्र! परत येताना हॉटेलात तिला पेढा मिळतो. बापाच्या जमिनीतला हिस्सा गेला आणि हातात एक लुगडे, एक पेढा आला. आमच्या गावचा अडत्यासुद्धा शेतकऱ्यास इतका स्वस्तात लुबाडीत नाही.

आमच्या स्वतःच्या घरातली एक आत्या आम्हांस आठवते. लग्न होईपर्यंत तिने त्याच रानात खुरपणी केली, मोटेवर बैल हाकले, गुरांचे शेणघाण काढले. तिचा अंगठा घेतला तेव्हा आम्ही लहान होतो. पुढे दर दिवाळीला ती येई, बांधावरून एक फेरी मारी, आणि जाताना शेंगांची ओंजळसुद्धा मागत नसे. नवरा वारल्यावर सासरी तिचे हाल होऊ लागले, तेव्हा तिने एकदाच तोंड उघडले. वाड्यामागच्या पडीक जागेत एक खोली बांधून राहू द्या, इतकेच ती म्हणाली. घरातून उत्तर आले, "कागद झालेला आहे." ज्या घरात तिची नाळ पुरली त्या घरात तिला एक खोली मिळाली नाही. हे सर्व अब्रूदार माणसांनी केले, आणि रीत म्हणून केले.

आता या रीतीचे वकील काय म्हणतात ते ऐकू. त्यांचे मुद्दे चार आहेत आणि चारही आम्हांस पाठ आहेत.

पहिला मुद्दा : "बहिणीचे लग्नात दिले." ठीक आहे. काय दिले? मांडव दिला, वाजंत्री दिली, आता तर कानठळ्या बसविणारी डीजेची गाडी दिली. हजार पाने उठविली. पुढाऱ्यांना फेटे बांधले, चौकात फलक लावले आणि त्यावर नवरानवरीपेक्षा गावपुढाऱ्यांची तोंडे मोठी छापली. वरदक्षिणा मोजली ती व्याह्याच्या हातावर. १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला, म्हणजे ती मोजणे गुन्हा आहे. त्यामुळे तिला बहिणीचा हिस्सा म्हणावयाचे तर आधी गुन्हा कबूल करावा लागेल. यांतले बहिणीच्या हातात काय आले? शिवाय भावाचेही लग्न झालेच होते ना? त्याच्या वरातीला घोडा होता, त्याच्याही पंक्ती उठल्या. मग तो खर्च त्याच्या हिश्श्यातून का वजा झाला नाही? लेकाच्या लग्नाचा खर्च घराचा आणि लेकीच्या लग्नाचा खर्च तिच्या नावे मांडावयाचा, ही कोणत्या गावची कीर्द? सत्यशोधक समाजाने १८७३ पासून साधी, थोड्या खर्चाची लग्ने लावून दाखविली होती. आमच्या कुणब्या-माळ्यांनी, सुतार-तेल्यांनी ती वाट धरली असती तर मांडवापायी कर्जही झाले नसते आणि मांडवाचे नाव सांगून बहिणीची जमीनही हडपता आली नसती.

दुसरा मुद्दा : "बहिणींना वाटे दिले तर जमिनीचे तुकडे पडतील." हा मुद्दा ऐकून भोळा माणूस मान डोलावतो. आम्ही आकडे सांगतो. सरकारच्या शेतीगणनेप्रमाणे महाराष्ट्रात १९७०-७१ साली एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. १९९०-९१ साली ती २.२१ हेक्टरवर आली. म्हणजे वीस वर्षांत जवळजवळ निम्मी झाली. या वीस वर्षांत वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलासारखा जन्मसिद्ध वाटा नव्हताच! तो महाराष्ट्रात मिळाला १९९४ च्या दुरुस्तीने, आणि तोही जिचे लग्न अजून झालेले नव्हते तिलाच. मग हे तुकडे कोणी पाडले? बहिणींनी? भावाभावांनी पाडले. विहिरीवरून भांडून पाडले, बांधावरून कुऱ्हाडी उगारून पाडले, जावाजावांच्या चुलीवरून पाडले. पुढे २०१५-१६ च्या गणनेत सरासरी १.३४ हेक्टरवर आली. तुकड्यांचे दुःख आम्हांसही आहे. घरात खाणारी तोंडे अनेक आणि पोट भरण्याचे साधन शेतीवाचून दुसरे नाही, हे त्याचे मूळ आहे. त्याला उपाय हवा असेल तर एकत्र कसा, उत्पन्न वाटून घ्या, एकाने कसावी आणि इतरांस खंड द्यावा. हे सारे बहिणीचे नाव सातबारावर ठेवूनही करता येते. पाच भावांत तुकडे पाडताना ज्यांस जमिनीची दया आली नाही, त्यांस बहीण दिसताच ती यावी, हे आश्चर्य आहे!

तिसरा मुद्दा : "हे सगळे परके कायदे, यांनी घरे मोडली." वाचकहो, हा ओरडा आजचा नाही. हिंदू कोड बिल आले तेव्हा हाच ओरडा होता. लेकीला हिस्सा दिला की कुटुंब बुडेल, धर्म बुडेल, असे त्या वेळी मोठमोठ्यांनी सांगितले. ते बिल रखडले आणि डॉ. आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. राजीनाम्याच्या कारणांत हे एक मोठे कारण होते. पुढे १९५६ चा वारसा कायदा झाला. बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत लेकीला वाटा आला, पण वडिलोपार्जितात जन्माने हक्क लेकालाच राहिला. महाराष्ट्राने १९९४ साली एक पाऊल टाकले, आणि ९ सप्टेंबर २००५ पासून साऱ्या देशात लेक लेकाइतकीच वाटेकरी झाली. लग्न झालेली असो वा नसो. त्या दिवशी बाप हयात होता की नव्हता यावरून तंटे चालले, ते सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने मिटविले. लेकीचा हक्क जन्माने आहे, बाप त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, असे न्यायालयाने सांगितले. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदलेल्या दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेल्या वाटण्या तेवढ्या कायम राहिल्या. "आमची तोंडी वाटणी मागेच झाली होती" ही जी सबब पुष्कळ भाऊ काढतात, तीही सरकारी कागदांचा भक्कम आधार असल्याखेरीज मानू नये, असे त्याच निकालात आहे. वाचकांनी हे ध्यानात ठेवावे.

आता आम्ही विचारतो, कायद्याने घर मोडते काय? भाऊभाऊ वेगळे निघतात तेव्हा कायदाच त्यांस वाटा देतो. त्या वेळी कोणी म्हणत नाही की कायद्याने घर मोडले. 'वाटण्या झाल्या' म्हणतात आणि चहा पितात. बहिणीने तोच कायदा वाचला की मात्र घर मोडते!

चौथा मुद्दा सर्वांत गोड आहे : "बहीण राजीखुशीने सोडते." सोडीत असेलही. आम्ही अशा बहिणी पाहिल्या आहेत. भाऊ कर्जात आहे, त्याने आईबापांचे दुखणे काढले, त्याची पोरे लहान आहेत, हे पाहून कोणी बहीण समजून-उमजून वाटा सोडते. ते तिचे दान आहे आणि त्यापुढे आम्ही हात जोडतो. पण दान देणाऱ्यास आपण काय देतो हे ठाऊक असावे लागते. सातबारा तिच्यापुढे वाचला का? भाव सांगितला का? घरी जाऊन विचार करावयास दोन महिने दिले का? 'सही केली नाहीस तर माहेर तुटले' हे कोणी म्हणाले नाही ना? बहुतेक घरांत हे शब्द कोणी बोलत नाही. पण चुलीपाशी बसलेल्या वहिनीपासून ओट्यावरच्या चुलत्यापर्यंत प्रत्येकाच्या तोंडावर ते लिहिलेले असतात. आणि बहीण ते बरोबर वाचते. जे माहेर एका सहीवर टांगलेले आहे, ते माहेर कसले? राजीखुशी ही इतकी सोपी असती, तर एखाद्या भावानेही आपला वाटा राजीखुशीने बहिणीला सोडल्याचे कोठे ऐकू आले असते. आम्ही आजवर ऐकले नाही.

भावाची बाजू आम्हांस कळत नाही असे कोणी समजू नये. जो घरी राहिला त्याने उन्हातान्हात रान राखले, सोसायटीचे कर्ज डोक्यावर घेतले, आईला अंथरुणावरून उठविले-बसविले. नोकरीनिमित्त शहरात गेलेला भाऊ आणि सुखवस्तू घरी पडलेली बहीण एका दिवसात येऊन सारखा वाटा मागतात, तेव्हा त्याच्या पोटात कालवते हे खरे आहे. मग त्याने तोंड उघडून सांगावे! कर्ज किती, औषधपाणी किती, विहिरीला घातले किती, सगळे कागदावर मांडावे. कर्ज हाही वारसाच आहे, तोही सर्वांनी वाटून घ्यावा. चार जाणती माणसे बसावीत; त्यांत घरच्या सुना आणि लेकीही बसाव्यात. असा उघडा हिशेब झाला तर निम्म्या बहिणी आपण होऊन भावाचा भार हलका करतील. आमचे भांडण वाटा कोणास किती याबद्दल नाही. बंद दाराआड, दुःखाच्या दिवसांत, न सांगता सही घेण्याबद्दल आहे.

हे आपल्या शेतकऱ्यांस जमत नाही असेही नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली. तेव्हा शेकडो गावांत शेतकऱ्यांनी आपण होऊन जमिनीचा तुकडा घरधनिणीच्या नावावर केला. कोणी कोर्टात खेचले नव्हते, कोणी दंड केला नव्हता. ते काही बाटलेले, शहरी वारा लागलेले लोक नव्हते. आमच्यासारखेच धोतर-टोपीवाले, औत हाकणारे होते. त्यांची घरे मोडली नाहीत.

आता गावात चला.

जो भाऊ घरात दार लावून सही घेतो, तोच संध्याकाळी देवळाच्या पारावर बसून गावाला शिकवतो, "निवडणूक म्हणजे भांडणे. निवडणूक म्हणजे तट. आपल्या गावाची जुनी रीत एकोप्याची. करा बिनविरोध." ऐकावयास किती गोड! आम्हीही तट नको म्हणणारेच. पण पुढे काय होते? पारावरच बोली लागते. सरपंचकी कोणास? जो जास्त पैसे देईल त्यास. पैसे कोठे जातील? देवळाच्या कळसाला. झाले! देव खूष, गाव खूष, आणि लोकशाही कळसाखाली पुरली.

ही आमची कल्पना नव्हे. जानेवारी २०२१ मध्ये राज्यात ग्रामपंचायतींच्या निवडणुका चालू असता, नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या दोन गावी पदांचा लिलाव झाल्याचे उघडकीस आले आणि राज्य निवडणूक आयोगाने तेथील निवडणुकाच रद्द केल्या. उमराण्यात देवळाच्या नावाने २ कोटी ५ लाखांची बोली लागली होती, खोंडामळीत ४२ लाखांची. कांद्याचा लिलाव आम्ही जन्मभर पाहिला. माणसाच्या मताचा लिलाव होतो, हे पाहण्याची पाळी आली.

या बोलीचे समर्थन करणारे म्हणतात, "निवडणुकीत दारूमटणावर पैसा उधळला जातो, त्यापेक्षा देवळाला गेला तर वाईट काय?" म्हणजे चोरी दोन प्रकारची आहे, त्यांतली सोवळी आम्ही करतो! अहो, दारू वाटणारा निदान प्रत्येक मतदाराच्या दारात येतो, त्याच्या मताला भीतभीत का होईना किंमत देतो. बोली लावणारा तर मतदाराला मोजीतच नाही. ज्या सुताराच्या घरात दोन हजार रुपये शिल्लक नाहीत तो बोलीत उभा राहील काय? कुंभार राहील? शेतमजूर राहील? नवऱ्यामागे चार पोरे वाढविणारी विधवा राहील? इंग्रजांच्या अमदानीत मताचा हक्क सारा भरणारांस, कर भरणारांस, चार बुके शिकलेल्यांस होता. बाकीची रयत मुकी होती. स्वराज्य आले आणि १९५० च्या घटनेने प्रत्येक जाणत्या स्त्रीपुरुषास एक मत दिले. बागाईतदारास एक आणि त्याच्या सालगड्यासही एक. ही आपल्या बापजाद्यांची कमाई आहे. ती कळसावर चढविण्याचा अधिकार पारावरच्या दहा माणसांस कोणी दिला?

'जुनी रीत' म्हणता, तर जुनी रीतही नीट सांगा. जुन्या काळी पाटीलकी वतनी होती. ती बापाकडून लेकाकडे जाई, गहाण पडे, निमी पाटीलकी विकली जाई, आणि तिच्या मानपानावरून खून पडत. मुलकी पाटलांची ती वतने १९६२ च्या कायद्याने गेली आणि आम्ही सुटकेचा श्वास टाकला. आजची बोली म्हणजे तीच विकाऊ पाटीलकी, मागच्या दाराने पुन्हा आत घेतलेली. आणि ज्याने कोटी मोजले तो काय फुकट सेवा करील? २०१५ पासून वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर येऊ लागला आहे. गटाराचे, नळाचे, दिव्याचे काम कोण घेतो आणि कोणाच्या मेहुण्याच्या नावे घेतो, हे वाचकांनी आपापल्या गावात पाहावे. कळसाला दिलेले गटारातून वसूल होते.

आता या दोन गोष्टींची गाठ कोठे पडते ते पाहा. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली आणि पंचायतीत स्त्रियांस एकतृतीयांश जागा मिळाल्या; महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या. पुष्कळ बायांनी ही संधी सोन्याची केली. पण पुष्कळ गावी काय दिसते? खुर्चीवर नवरा, पाटीवर बायकोचे नाव. त्याला लोक हसत हसत 'सरपंचपती' म्हणतात. पंचायतीच्या पैशाला सरपंचाची सही लागते, ग्रामसेवकाची लागते. मग संध्याकाळी कागद घरी जातो, चुलीपुढे बसलेल्या बाईपुढे धरला जातो आणि शब्द तेच निघतात : "येथे सही कर." तिने माहेरी शेवटची सही केली तेव्हाही काय लिहिले आहे ते वाचले नव्हते, सासरी ती का वाचील? आपणच तिला शिकविले की सही म्हणजे हक्क सोडण्याची खूण. बहिणीच्या सहीने जमीन गेली, बायकोच्या सहीने गावचा पैसा गेला, आणि दोन्ही वेळा बाई गप्प राहिली म्हणून आपण तिला 'संस्कारी' म्हटले.

मग आम्ही जुने ते कोणते जपा म्हणतो? आमच्या आजोबांच्या वेळी खळ्यावर रास लागे. मापारी मोठ्याने माप मोजी. 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणून सुरुवात करी. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, चांभार यांच्या देखत मोजले जाई. किती पिकले हे सगळ्या गावाला ठाऊक असे. ते सोन्याचे युग होते असे आम्ही म्हणणार नाही. महारमांगांस खळ्याच्या कडेला उभे राहावे लागे, आणि सुताराने आपल्या वाट्याबद्दल कुरकुर केली तर पुढच्या साली त्याची पंचाईत होई. त्या जुन्यातला तो अन्याय टाकलाच पाहिजे. पण सगळ्यांच्या देखत मोजण्याची जी चाल होती ती जपण्यासारखी होती, आणि नेमकी तीच या संस्कृतिरक्षकांनी टाकली. खळ्याच्या कडेला उभे करण्याची खोड मात्र ठेवली. आता तेथे बहिणीला उभे केले, गरिबाला उभे केले.

सगळ्यांच्या देखत बसून रीत बदलता येते, याचे उदाहरण मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्याच्या हेरवाड गावाने घातले. नवरा वारला की बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे बंद करावे, असा ठराव तेथे ग्रामसभेत झाला. सरकारनेही त्याच महिन्यात तो कित्ता सर्व गावांपुढे ठेवला. हा ठराव कोणी परक्याने लादला नाही. गावाने आपली आई, आपली वहिनी, आपली लेक डोळ्यांपुढे आणून केला. घराण्याच्या अब्रूची ज्यांस काळजी आहे त्यांनी असे ठराव करावेत.

आता करावयाचे काय ते सांगतो. ज्यांच्या घरी वारसनोंद व्हावयाची आहे त्यांनी आधी सातबारा, आठ-अ आणि कर्जाचा उतारा बहिणीपुढे मोठ्याने वाचावा, आणि वर्ष होईपर्यंत कोणत्याही कागदावर तिची सही मागू नये. बहिणींनो, तुम्हीही वाचल्यावाचून सही करू नका. भाऊ खरा असेल तर तो थांबेल. लेकीच्या लग्नाचा मांडव लहान करा आणि उरलेल्या पैशाने तिला शिकवा. गावात वर्षाकाठी निदान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसे, यांपैकी जो आकडा लहान असेल तो. इतकीही माणसे जमत नाहीत म्हणून सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला मग गणपूर्तीची अट नाही, ही मेख पुढाऱ्यास पक्की ठाऊक असते. तेव्हा त्या एका दिवशी औत सोडा, ऐरण थंड ठेवा, भाता बंद करा आणि सभेला जा. महिलांची सभा आधी घ्यावयाची असते. ती कागदावर झाली की खरोखर झाली, हे घरच्या बायांस विचारा. आणि पारावर बोली लागली तर तेथून उठा. दहा घरे उठली तरी बोली फसते. बिनविरोध करावयाचेच असेल तर ग्रामसभेत सर्वांस विचारून, पैशाचे नाव न काढता करा. आम्ही पहिले हात वर करू.

यावर आम्हांस कोणी घरफोडे म्हणतील, कोणी गावबुडवे म्हणतील. म्हणोत बापडे. आमचे घर आम्हांस प्रिय आहे म्हणूनच त्याचे दार उघडे असावे असे आम्ही म्हणतो. येती भाऊबीज आली की ज्या घरांत ओवाळणीच्या ताटात पैसे पडतील, त्या घरांतल्या भावांनी एकच गोष्ट करावी : ताट खाली ठेवण्याआधी बहिणीला सांगावे की बापाची जमीन किती आहे आणि त्यात तिचे किती आहे. ती घेईल की सोडील, ते तिच्यावर ठेवावे.